चहा खंडाळ्याला पोचला

पांडूच्या मुलीच्या साखरपुड्यात मी झोपलो आणि तिथून सगळं सुरू झालं.

झोपलो म्हणजे नुसती डुलकी नव्हती. मानाची खुर्ची म्हणून मला स्टेजवर बसवलं होतं. त्या खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून मी झोपलो. स्पीकर कानापासून हातभर लांब. मुलाने अंगठी घातली, टाळ्या झाल्या, कुणीतरी माझ्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स ठेवून गेलं. मला पत्ता नाही. फोटोवाल्याने मात्र काम चोख केलं. नवरा-नवरीच्या प्रत्येक फोटोत दोघांच्या मधोमध, मागे, मी आहे.

संध्याकाळपर्यंत ते फोटो आमच्या दहिवलीपासून खोपोलीपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर पोचले. रात्री पांडूचा फोन आला. खोपोलीच्या कागद कारखान्यात आम्ही दोघं बॉयलरवर होतो, त्यामुळे तो मला काहीही बोलू शकतो.

"आबाजी, माझ्या पोरीचा साखरपुडा होता का तुझी समाधी?"

"डोळा लागला रं."

"डोळा लागला? घोरत होतास तू. भटजीबुवा दोनदा थांबले. त्यांना वाटलं माईक बिघडलाय."

मी माफी मागितली आणि फोन ठेवून पुन्हा झोपलो.

माझी बायको विमल दिवाळी झाल्यावर गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आम्ही गाडी बोलावली, गाडी येईपर्यंत ती नव्हती. तेव्हापासून मी असाच होतो. सकाळी उठलो की दमलेला. आवाज बसलेला, चेहरा सुजल्यासारखा. मार्चच्या उन्हात स्वेटर घालून ओट्यावर बसायचो आणि समोरून कोण गेलं ते ओळखायला वेळ लागायचा. लोक म्हणायचे, विमलबाई गेल्या आणि आबाजी खचला. मीही तेच म्हणायचो. दुःख असंच असणार असं मला वाटलं. मला काही त्याचा अनुभव नव्हता.

साखरपुड्याचे फोटो मनोजलाही मिळाले. मनोज माझा मुलगा. नेरळला पाचव्या मजल्यावर राहतो, नोकरी मुंबईत. पुढच्याच रविवारी तो आणि सून समिधा दोघंही सकाळीच दारात हजर.

"बाबा, पुरे झालं आता. नेरळला चला."

"तिथं काय करू?"

"आराम करा."

"आराम तर इथंही चाललाय. फोटो बघितलेस ना?"

समिधा हसली. मनोज हसला नाही. त्याने खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. पलंग घेतला होता. घराला कुलूप लावायचं, महिन्यातून एकदा येऊन झाडलोट करायची, असं त्याचं ठरलं होतं.

हे घर विमलने बांधून घेतलं. मी कारखान्यात असायचो, गवंड्याशी भांडायला ती असायची. ओट्याची उंची तिने ठरवली, कारण तिला पाय खाली सोडून तांदूळ निवडायचे होते. मागच्या दाराची कडी आधी वर उचलावी लागते, मग ढकलावी लागते, ही पद्धतही तिचीच. इथं ती मला दिवसातून दहा वेळा भेटते. नेरळच्या घरात ती दोनदाच आली होती. तिथं तिला कुठं शोधायचं, मला कळलं नसतं.

हे मी मनोजला सांगितलं नाही. मी म्हणालो, "वाळवी लागेल घराला."

"तुम्हालाच लागायची वेळ आलीय," मनोज म्हणाला.

समिधा मधे पडली. ती म्हणाली, "आधी बाबांचं थायरॉइड बघू. ही झोप त्याचीही असेल."

चार वर्षांपूर्वी माझ्या गळ्याला गाठ आली होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढावी लागली. तेव्हापासून तिचं काम एक बारीक गोळी करते. रोज सकाळी एक, जन्मभर. विमल होती तोवर या गोळीने कधी त्रास दिला नाही. ती गेल्यावर जानेवारीत रक्त तपासलं तर गोळी कमी पडतेय असं निघालं, म्हणून डॉक्टरांनी ती शंभरची सव्वाशे केली. तरी मी साखरपुड्यात झोपलो.

पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट आणखी वाईट. आम्ही तिघं कर्जतला डॉक्टर दीक्षांकडे गेलो. वयाने माझ्या सुनेएवढ्या, बोलणं मोजकं.

"गोळी रोज घेता?"

"रोज."

"विसरत नाही?"

"डबी बायकोच्या फोटोपुढे ठेवलीय. तिच्यासमोर विसरायची माझी हिंमत नाही."

"अनशापोटी घेता ना?"

"अगदी. उठलो की पहिलं तेच."

त्यांनी कागदावर दीडशे लिहिलं. दीड महिन्याने पुन्हा रक्त.

मनोज म्हणाला, "डॉक्टर, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला नाही तर हे नेरळला येणार. सांगा ना त्यांना."

"मी गोळी किती ते सांगते. कुठं राहायचं ते तुम्ही दोघं ठरवा."

आम्ही दवाखान्याबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर ठरवलं. रिपोर्ट नॉर्मल आला तर मी दहिवलीला राहणार आणि मनोज तो विषय पुन्हा काढणार नाही. नाही आला तर मी गपचूप नेरळला. समिधा साक्षीदार.

इथं मला विमलच्या चहाचं सांगायला हवं.

विमलचा चहा फार उशिरा यायचा. सकाळी मला हलवून उठवायची, हातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मी गोळी गिळली की ही गायब. अंगण झाडायची. तुळशीला पाणी घालायची. मग मोगऱ्याला, मग मिरच्यांच्या रोपांना, मग आवडी वहिनींशी कुंपणावरून गप्पा. मी ओट्यावर चहाची वाट बघत बसलेलो. ओरडायचो, "अगं, चहा काय पुण्याहून रेल्वेने घाट उतरून येतोय का?"

आतून उत्तर यायचं, "येतोय हो. खंडाळ्याला पोचला."

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारायचो, तेव्हा तो अजून खंडाळ्यालाच असायचा. इंजिन बदलतायत म्हणायची. शेवटी कप हातात देताना, आमचं स्टेशन आल्यासारखी म्हणायची, "घ्या, कर्जत आलं."

ती गेल्यावर घरात एकच गोष्ट सुधारली होती. चहा वेळेवर मिळत होता. उठलो की मी गॅस पेटवायचो. दोन कप करायचो, एक माझा, एक तिच्या फोटोपुढे. फोटोपुढचा निवायच्या आत मीच पिऊन टाकायचो, कारण चहा वाया गेलेला तिला चालायचा नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी आवडी वहिनी शेवग्याच्या शेंगा घेऊन मागच्या दाराने आल्या. त्या शेजारच्या, विमलच्या मैत्रीण. त्यांच्या तोंडाला सरपंचही घाबरतात.

"काय भावजी, दोन-दोन कप? पावना हाय का कोन?"

"एक विमलचा."

"आन पितं कोन तिचा?"

"मीच. वाया जाईल ना."

"बरं हाय. जिती असताना एक देत नव्हती, आता दोन मिलतात."

मी हसलो. डबीतून थायरॉइडची गोळी काढली, गुडघ्यासाठीची कॅल्शियमची मोठी गोळी काढली, दोन्ही जिभेवर ठेवल्या आणि वरून चहाचा घोट घेतला.

आवडी वहिनींनी शेंगा जमिनीवर ठेवल्या.

"ह्ये काय केलंत?"

"गोळ्या घेतल्या."

"चाबरूबर?"

"मग? पाण्याने ती मोठी घशात अडकते."

"डाक्टरीनबाईंनी अनशापोटी घ्यायला सांगितलीय ना?"

"अनशापोटीच आहे की. काही खाल्लंय का मी? चहा तर तुमच्या एकादशीलाही चालतो."

आवडी वहिनींनी कपाळावर हात मारला. "एकादशी देवाची हाय भावजी. देव चालवून घेतो. गोली नाय चालवून घेत."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! गोली घेतल्यावर तासभर चा नाय, दूध नाय, काय नाय. आन ती दुसरी मोठी गोली तर पार दुपारच्याला, जेवन झाल्यावर. विमल तशीच देत होती ना?"

मी आठवून बघितलं. कॅल्शियमची गोळी दुपारीच मिळायची खरी. मी दोन्ही एकदम उरकत होतो, तेवढीच कटकट कमी.

"पण तासभर चहा नाही, हे तिने कधी सांगितलं नाही मला."

"मंग चा उशिरा का यायचा?"

"गुडघे दुखायचे तिचे. हळू झाली होती ती."

"गुडघे!" आवडी वहिनी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की कुंपणावरचा कावळा उडाला. "कर्जतच्या बाजारात मी धापा टाकत तिच्या मागं पलायची. गुडघे म्हने! तुमच्या आपरेशनच्या आदी कसा मिलायचा चा?"

"लगेच."

"मंग?"

मी कप खाली ठेवला.

"हास्पिटलात तिला सांगितलं होतं त्यांनी. तुमी पन होता तिथं. तुमचं ध्यान कुठं होतं कोन जाने." माझं लक्ष तेव्हा आरशात होतं, गळ्याची पट्टी कशी दिसते ते बघत होतो. "ती मला म्हनायची, आवडे, ह्यांना सांगितलं तर रोज सकाली वाद घालतील, अर्ध्या तासावर आनतील, मंग पाव तासावर. त्यापरीस मीच हलू व्हते. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुमी?"

मी खरंच विचार केला.

"नसतं."

"बगा," असं म्हणून त्यांनी फोटोपुढचा कप उचलला आणि चहा मोगऱ्याच्या मुळाशी ओतला.

दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याने गोळी घेऊ लागलो. एक तास फार मोठा असतो. पहिल्या दिवशी मी पातेल्याकडे बघत बसलो. घड्याळाकडे बघितलं तर जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मग उठून अंगण झाडलं. तुळशीला पाणी घातलं. मोगऱ्याला घातलं. मिरच्यांची रोपं कधीच वाळून गेली होती, म्हणून नवी आणून लावली. कुंपणाशी आवडी वहिनी होत्याच. सगळं झालं तेव्हा तास होऊन गेला होता. विमलने कामं बरोबर मोजून घेतली होती.

आवडी वहिनी म्हणाल्या होत्या, डाक्टरीनबाईंना जाऊन सांगा. मी म्हटलं, सांगायचं काय त्यात? रिपोर्ट नॉर्मल येईल, मनोज गप्प होईल, काम झालं.

पंधरा-वीस दिवसांत झोप गेली. स्वेटर ट्रंकेत गेला. आवाज मोकळा झाला. पहिल्यांदा बरं वाटलं. मग एका दुपारी ओट्यावर बसलो असताना लख्ख जाग होती, समोर ऊन होतं, आणि विमल नाही हे मला नीट कळलं. इतके महिने मी ते गोधडीआडून ऐकत होतो. त्या दिवशी मी रडलो. नंतर तोंड धुऊन फाटकाला रंग लावला.

फाटक झालं तरी हाताला थांबवेना. फाटकाचा रंग आवडला नाही म्हणून पुन्हा दुसरा लावला. न्हाणीघर घासलं. वाळूच्या टेंपोवाल्याशी भांडलो, त्याने फक्त हॉर्न वाजवला होता. छाती जुन्या कॉम्प्रेसरसारखी धडधडायची. रात्री झोप नाही, दिवसा घाम. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मला वाटलं, तब्येत सुधारतेय.

मे महिन्यात मनोज मला रक्त द्यायला न्यायला आला, तेव्हा मी छपरावर होतो.

"बाबा! खाली या!"

"थांब रं, दोनच कौलं राहिलीत."

"आधी खाली या म्हणतो ना!"

मी शिडी उतरलो. त्याने माझा हात धरला. त्याने बोटं मनगटावर ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. तिथून तो मला सरळ कर्जतला घेऊन गेला.

रिपोर्ट आला. मागच्या वेळी आकडा आभाळाला टेकला होता, आता जमिनीत गेला होता. डॉक्टर दीक्षांच्या समोर बसल्यावर मनोज म्हणाला, "म्हणजे नॉर्मल नाही. बाबा, आपलं ठरलंय. पलंग तयार आहे."

मला घाम फुटला, आणि तो गोळीचा नव्हता. मी कडीचा विचार केला. आधी वर उचलायची, मग ढकलायची. कुलूप लावल्यावर ती तशीच गंजणार.

डॉक्टर रिपोर्टकडे बघत होत्या. "काका, मधे काही बदललं का? दुसरं औषध, खाणं, काही?"

मग मी चहाचं सांगितलं. दोन कपांचं, एकादशीचं, आवडी वहिनींचं, सगळं. डॉक्टर आधी हसल्या, मग पेन खाली ठेवून कपाळ चोळत बसल्या.

"चहा आणि कॅल्शियमबरोबर गोळी अर्धीमुर्धीच अंगी लागत होती. म्हणून मी वाढवत गेले. आणि आता..."

"वाफ गळत होती," मी म्हणालो. "आपण गळती न बघता कोळसा वाढवला. मग गळती बंद झाली, कोळसा तेवढाच राहिला. काटा लाल पट्ट्यात जाणारच."

"अगदी तसंच. पण तेव्हाच येऊन सांगायचं होतंत ना मला. या वयात हृदयाला हे बरं नाही." त्यांनी माझ्या छातीचा कार्डिओग्राम काढला, तो ठीक निघाला. मग कागदावर शंभर लिहिलं. "काकू होत्या तेव्हा होती तीच. पुन्हा काही बदललं तर आधी मला फोन. आणि आता मी सगळ्यांना चहाचं वेगळं विचारणार."

बाहेर आल्यावर मनोज गाडीत बसला. गाडी सुरू केली, मग बंद केली.

"म्हणजे आई मुद्दाम उशीर करायची?"

"हो."

"मी आलो की मलाही तासभर चहा मिळायचा नाही. मी किती चिडायचो."

"तुला आधी दिला असता तर मला वास आला असता रं."

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "अजून दीड महिना. शेवटचा. आणि रिपोर्टच्या दिवशी मी स्वतः इथं राहून बघणार, तुम्ही गोळी कशी घेता ते."

जुलैमध्ये तो आणि समिधा आदल्या दिवशीच आले. रक्त दिलेलं होतं, रिपोर्ट सकाळी मनोजच्या मोबाईलवर येणार होता. रात्री मी शांत झोपलो. छाती कधीच गप्प झाली होती.

सकाळी मी पाण्याने गोळी घेतली. मनोज ओट्यावर बसून बघत होता, परीक्षेला सुपरवायझर बसतो तसा. मी झाडू घेऊन अंगणात गेलो.

"बाबा, चहा?"

"येतोय."

मी तुळशीकडे गेलो. मिरच्यांना फुलं धरली होती. समिधा मोगरा तोडायला आली. कुंपणापलीकडून आवडी वहिनी म्हणाल्या, "काय रं मनोज, बापाला न्यायला आलास का र्‍हायला आलास?"

"बघतो मावशी. रिपोर्ट यायचाय."

"आन नाय आला चांगला तर?"

तो मोबाईलकडे बघत राहिला. मी मिरच्यांकडे.

मोबाईल वाजला. मनोज उठून उभा राहिला, उघडून वाचायला लागला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. समिधाने ओंजळीतली फुलं तशीच एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने मोबाईल काढून घेतला.

"नॉर्मल," ती म्हणाली. "बाबा, एकदम नॉर्मल!"

"आला गं बाई!" आवडी वहिनी कुंपणापलीकडून ओरडल्या.

मी झाडू भिंतीला टेकवला. मग तुळशीच्या कट्ट्यावर बसलो.

मनोज खाली आला, माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "त्या खोलीत समिधाचं शिवणयंत्र ठेवतो मग."

"ठेव. पलंग मात्र विकू नको. गणपतीत येईन मी दोन दिवस."

"बरं." त्याने चपलेने माती उकरली. "आता तरी चहा द्या की. रिपोर्ट आला ना नॉर्मल."

"आला तो थांबल्यामुळेच आला."

"अहो पण कुठपर्यंत पोचलाय?"

मी उघड्या दारातून आत बघितलं. फोटोच्या वर घड्याळ आहे.

"खंडाळ्याला पोचला," मी म्हणालो.

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मी मिरच्यांना पाणी घालायला उठलो, कारण ते राहिलं होतं.

तास झाल्यावर मी चार कप केले. तीन आमचे, एक फोटोपुढे. मनोजच्या हातात कप देताना म्हणालो, "घे, कर्जत आलं." त्याने आपला संपवला, मग फोटोसमोर जाऊन थोडा वेळ उभा राहिला आणि तिथला कपही उचलला.

"वाया जाईल," तो म्हणाला.